साठ दिवसांची मुदत: बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांचा जाहीर इशारा

कर्नाटक सरकार, राज्याचा वाणिज्य कर विभाग, बृहत् बंगळुरू प्राधिकरण आणि त्याखालच्या पाचही महानगरपालिकांना हा जाहीर इशारा आहे. आमच्या गल्ल्यावर, आमच्या पाटीवर, आमच्या दुकानासमोरच्या रस्त्यावर परिणाम करणारा कुठलाही नियम आम्हाला न विचारता लादला, तर यापुढे आम्ही तो मुकाट्याने सोसणार नाही. विचारण्याची साधनं तुमच्या हातात आहेत. ती कामाला लावायला आजपासून साठ दिवस देत आहोत.

जुलै २०२५ मध्ये काय घडलं ते सगळ्या शहराने पाहिलं. यूपीआय चालवणाऱ्या कंपन्यांकडून वाणिज्य कर विभागाने २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांची माहिती मागवली आणि ज्यांच्या खात्यात जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपेक्षा जास्त रक्कम जमा झालेली दिसली, अशा हजारो बेकरीवाल्यांना, चहावाल्यांना, ‘कॉन्डिमेंट्स’ म्हणवणाऱ्या खाऊच्या दुकानांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याच्या खात्यात चार वर्षांत १ कोटी ६३ लाख रुपये आले होते. त्याच्याकडे २९ लाखांचा कर मागितला गेला. हिशोब करून पाहा: वर्षाला सरासरी पावणेएक्केचाळीस लाख, म्हणजे ४० लाखांच्या मर्यादेच्या जेमतेम वर, आणि त्यावर सरसकट अठरा टक्के. माल कोणता? ताजी भाजी, जिच्यावर जीएसटी लागतच नाही.

नोटीस काढणाऱ्याने एकदा फोन करून ‘तुम्ही विकता काय?’ एवढं विचारलं असतं, तर हा कागद निघालाच नसता. ज्या नंबरवर पैसे आले ते मोजता आलं, त्याच नंबरवर प्रश्न मात्र पाठवता आला नाही. आमची तक्रार कराबद्दल नाही, या न विचारण्याबद्दल आहे.

त्यानंतर शहरभर दुकानांच्या काचांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद चिकटले. २५ जुलैच्या बंदची हाक आली. २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली, जुनी थकबाकी वसूल करणार नाही, मात्र नोंदणी करा, असं सांगितलं आणि बंद मागे घेतला गेला. बरं झालं. पण त्या बैठकीत जे बोललं गेलं, ते नोटिसा काढण्याआधी का बोललं गेलं नाही? दुकान बंद ठेवण्याची धमकी दिली तरच सरकारला ऐकू येतं, हा धडा तुम्हीच आम्हाला शिकवलात. आता तो आमच्या ध्यानात राहिला तर दोष आम्हाला देऊ नका.

कायदा काय म्हणतो ते आम्हाला माहीत आहे. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत एक टक्का भरून मोकळं होता येतं. ४० लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला ४० हजार. वेळेवर समजावून सांगितलं असतं तर आमच्यातल्या बहुतेकांनी ते भरले असते. ४० लाखांची उलाढाल म्हणजे दिवसाला साधारण ११ हजार रुपये. पहाटे पाचपासून दूध, दही, ब्रेड, बिस्किटं, विडी-सिगारेट विकणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानाला हा आकडा मोठा नाही. त्यात त्याचं स्वतःचं किती राहतं, ते त्याच्या घरी जाऊन पाहा.

शिवाय इथे एक खाच आहे, जी कुणी सांगितलीच नाही. ताज्या दुधावर जीएसटी नाही. पण दुधाशेजारी तुम्ही बिस्किटाचा एक पुडा जरी विकलात, तरी ४० लाखांची मर्यादा मोजताना दुधाचीही विक्री धरली जाते. रोज ढीगभर दूध विकणाऱ्या माणसाला वाटतं, आपल्या मालावर करच नाही, मग आपल्याला कसली नोंदणी? तो चुकतो, आणि चार वर्षं चुकत राहतो. व्याज आणि दंड त्याच्या अज्ञानावर चढत जातात. त्यातच खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. भावाने पाठवलेले उसने असतात, भिशीचे असतात, सुटे नाहीत म्हणून कुणी पाचशे पाठवून रोख नेलेली असते. चिकपेठ-नगरथपेठेच्या बोळांत विटा, खानापूर, आटपाडीकडचे आपले गलाई बांधव सोनं-चांदी गाळतात. त्यांच्या खात्यातून फिरणारा पैसा सोन्याचा असू शकतो, त्यांची कमाई मात्र मजुरीची. नुसता जमेचा आकडा पाहणाऱ्या संगणकाला हा फरक कळणार नाही. तो दुकानदारालाच विचारावा लागतो.

आणि आम्हाला डिजिटल व्हायला सांगितलं कुणी? १ जून २०२० ला सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत केंद्र सरकारने फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज दिलं आणि डिजिटल व्यवहार केल्याबद्दल महिन्याला शंभर रुपयांपर्यंत कॅशबॅकही दिला. क्यूआर लावा, शाबासकी मिळेल, असं एका सरकारने सांगितलं. त्याच क्यूआरच्या नोंदी पुरावा म्हणून दुसऱ्या सरकारने वापरल्या. दोन्ही सरकारांच्या मधे उभ्या असलेल्या फेरीवाल्या अक्काला कुणीच काही सांगितलं नाही.

तंत्रज्ञान अवघड आहे, हे कारण आम्ही ऐकून घेणार नाही. आमच्या काउंटरवर पैसे आल्याचं कन्नडमध्ये मोठ्याने सांगणारा साउंडबॉक्स बसला आहे. खाजगी कंपनीला फायद्यासाठी आमच्या भाषेत बोलता येतं, मग आयटीची राजधानी म्हणवणाऱ्या शहराच्या सरकारला एक दूरध्वनी सेवा उभी करता येत नाही? याच शहरात जनाग्रह संस्थेने २०१० मध्ये ‘आय पेड अ ब्राइब’ सुरू करून लाचेच्या तक्रारी नोंदवून घेतल्या. २०१५ पासून ‘माय सिटी माय बजेट’ मोहिमेत नागरिकांच्या सूचना गोळा करून पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी दिल्या. म्हणजे विचारण्याची सवय या शहराला आहे. सरकारला लागायची आहे.

आम्ही मागतो ते नवं नाही. फेब्रुवारी २०१४ च्या केंद्राच्या पूर्व-विधी सल्लामसलत धोरणात प्रत्येक विधेयकाचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवा, आणि त्याचा लोकांच्या जगण्यावर नि उपजीविकेवर काय परिणाम होईल तेही सोबत सांगा, असं लिहिलेलं आहे. ते केंद्राच्या मंत्रालयांपुरतं आहे. राज्याने तसंच बंधन स्वतःवर घालून घ्यावं. त्याच वर्षीच्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचे असावेत असं आहे. कायद्याने दिलेली ती जागा नुसती भरलेली आहे का, की तिथे आमचं ऐकलंही जातं, हे प्रत्येक महानगरपालिकेने जाहीर करावं. अमेरिकेने १९८० मध्येच नियम करण्याआधी लहान धंद्यांवरचा भार तपासण्याचा कायदा केला. तैवानने २०१५ मध्ये उबरचा तिढा सोडवताना लोकांची मतं एका खुल्या संगणकीय साधनावर गोळा केली. तिथे एकमेकांना उत्तर देण्याची सोयच ठेवली नव्हती, दुसऱ्याच्या मतावर फक्त सहमत, असहमत किंवा तटस्थ एवढंच नोंदवायचं. त्यामुळे भांडण कमी झालं आणि कशावर सगळ्यांचं जुळतं ते दिसून आलं.

तेव्हा आमच्या अटी ऐका. साधन बोलण्याचं हवं, लिहिण्याचं नको. पहाटे पाच ते रात्री दहा दुकानात उभा असलेला माणूस इंग्रजी पीडीएफ उघडून, ओटीपी टाकून, पाचशे शब्दांत अभिप्राय लिहिणार नाही. त्याला एक निःशुल्क नंबर द्या. कन्नडमध्ये, तमिळ-तेलुगूमध्ये, उर्दू-हिंदी-मराठीत त्याला प्रश्न विचारा आणि तो दोन गिऱ्हाइकांच्या मधे बोलेल ते ध्वनिमुद्रित करा. लगेच पावतीचा नंबर मोबाइलवर द्या. कुठल्या वॉर्डातून किती जण काय म्हणाले ते नावं वगळून जाहीर करा. मग ज्या सूचना मानल्या नाहीत, त्या का मानल्या नाहीत ते लिहून सांगा. हे शेवटचं नसेल तर बाकी सगळं देखावा आहे.

उलाढाल ३० लाखांच्या आसपास आली की त्याच मोबाइलवर सोप्या भाषेत इशारा पाठवा: तुम्ही मर्यादेजवळ आलात, नोंदणी अशी करा, शंका असेल तर इथे बोला. चार वर्षं थांबून एकदम लाखांचा आकडा पाठवणं म्हणजे करवसुली नव्हे, सापळा आहे.

एका अटीवर मात्र तडजोड होणार नाही. नियमाचा परिणाम मोजण्यासाठी आम्ही जे सांगू, ते आमच्याविरुद्ध नोटीस काढायला वापरता येणार नाही, असं लेखी बंधन तुम्ही आधी स्वतःवर घालून घ्या. यालाही पूर्वाधार आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार जनगणनेतली माहिती कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणूनच लोक दार उघडतात आणि खरं सांगतात. ते बंधन नसताना तुम्ही कितीही सुंदर ॲप आणलंत, तरी दुकानदार त्यात खरा आकडा भरणार नाही, आणि खोट्या आकड्यांवर तुम्ही पुढचं धोरण आखाल. त्याचे चटके पुन्हा आम्हालाच.

पाट्यांचंही असंच झालं. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, यासाठी २८ फेब्रुवारी २०२४ ची मुदत दिली गेली. पाटीवर कन्नड असलंच पाहिजे, याबद्दल आमचं दुमत नाही. इथे पोट भरतो तर इथल्या भाषेचा मान राखणं हे कर्तव्यच आहे. पण दहा बाय दहाच्या दुकानाला नवी पाटी किती रुपयांना पडते, हे कुणी विचारलं? महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मुंबईतल्या लहान दुकानदारानेही हाच हिशोब केला होता. पुणे, सोलापूर, कोल्हापुरातल्या बांधवांनो, तुमच्या क्यूआरच्या नोंदीही कुठेतरी साठतच आहेत. बंगळुरूत जे घडलं ते तुमच्याकडे घडायला एक आदेश पुरेसा आहे.

आता आमच्याच लोकांना दोन शब्द, तेही तितक्याच कडकपणे. क्यूआर काढून टाकला म्हणजे सुटलो, असं समजू नका. पैसे रोखीने आले काय किंवा मोबाइलवर आले काय, उलाढाल मोजताना दोन्ही धरले जातात. विभागाने तेव्हाच हे स्पष्ट केलं होतं. मर्यादा ओलांडली असेल तर आजच नोंदणी करा. मालाची बिलं फाइलला लावा. घरचा पैसा आणि दुकानाचा पैसा वेगवेगळ्या खात्यांत ठेवा. कर चुकवणाऱ्यासाठी आम्ही शटर खाली ओढणार नाही. आमचा लढा प्रामाणिक दुकानदारासाठी आहे, आणि त्यात लबाडाला जागा नाही.

सरकारला आमचं शेवटचं सांगणं. साठ दिवसांत ही व्यवस्था जाहीर झाली नाही, तर तुमच्या पुढच्या कुठल्याही ऐच्छिक पाहणीला, कुठल्याही अभिप्राय-अर्जाला आम्ही उत्तर देणार नाही. प्रत्येक विभागाकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करू: या नियमाचा लहान दुकानांवरचा परिणाम तुम्ही मोजलात का, केव्हा मोजलात, कागद दाखवा. २००५ च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागेल. पूर्वीच्या एकसंध महानगरपालिकेच्या, म्हणजे बीबीएमपीच्या, नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची पाचहून अधिक वर्षं हे शहर लोकांनी निवडलेल्या नगरसेवकांविना चाललं. त्या काळात आमचं गाऱ्हाणं न्यायला दारच उरलं नव्हतं. म्हणून पाच महानगरपालिकांच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून आम्ही या अटींवर लेखी वचन घेऊ, आणि जो देणार नाही त्याला मत देणार नाही.

आणि एकसष्टाव्या दिवशी बंगळुरूतली दूध, चहा, ब्रेड आणि भाजीची लहान दुकानं एक दिवस उघडणार नाहीत. दगड उचलला जाणार नाही, रस्ता अडवला जाणार नाही, कुणावर जबरदस्ती होणार नाही. हा बंद टाळणं पूर्णपणे सरकारच्या हातात आहे. मुदत आजपासून सुरू झाली.