नामसाधर्म्याचा गुन्हा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नामदेव आणि विष्णुदास नामा यांचा प्रश्न प्रसिद्ध आहे. ‘नामा’ ही मुद्रिका असलेला कोणता अभंग कोणाचा, हे ठरवण्यासाठी अभ्यासकांनी भाषा, काळ, संप्रदाय आणि हस्तलिखिते तपासली, आणि तरीही काही ठिकाणी हात राखूनच विधान केले. एक नाव म्हणजे एक माणूस नव्हे, हे आपल्या विद्याशाखेने कष्टाने शिकलेले सत्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोक्यांविषयी सध्या जी चर्चा चालते, ती ऐकताना मला हे सत्य वारंवार आठवते. यंत्र माणसावर मात करील काय, लेखक निरुपयोगी ठरतील काय, असे भव्य प्रश्न त्या चर्चेत असतात. मला त्याहून साधा प्रश्न निकडीचा वाटतो. यंत्राने दोन नावे एकच मानली, तर त्या नावाच्या माणसाने दाद कोठे मागायची?

हा प्रश्न धर्माबादसारख्या गावातून पाहिला की त्याचे स्वरूप स्पष्ट होते. नांदेड जिल्ह्याचा हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा, मग त्या राज्याचा भाग होता. आज गाडी धर्माबाद सोडून थोड्याच वेळात तेलंगणातल्या बासरला पोहोचते. या पट्ट्यात मराठी, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात नांदतात. येथे ‘व्यंकट’ आणि ‘वेंकट’ दोन्ही बरोबर असतात. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी येते, मराठी रीतीने शेवटी. ‘सय्यद’ रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते. लग्नानंतर बाईचे नाव बदलते, आणि ते बदललेले नाव सगळ्या कागदांवर उतरतेच असे नाही. माणसे या घोळातून सहज वाट काढतात, कारण ती एकमेकांना ओळखतात. यंत्र ओळखत नाही. ते फक्त जुळवते.

अशा जुळवणीचे फळ सीमेपलीकडे दिसले आहे. ‘समग्र वेदिका’ या प्रणालीद्वारे तेलंगण सरकारने अनेक खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडल्या आणि शिधापत्रिकांची पात्रता तपासण्यासाठी त्या वापरल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधवृत्तांतात हैदराबादच्या एका गरीब विधवेची हकिकत आली. तिच्या नवऱ्याला प्रणालीने मिळत्याजुळत्या नावाच्या, मोटार बाळगणाऱ्या दुसऱ्याच माणसाशी जोडले होते आणि घरचे स्वस्त धान्य बंद झाले होते. २०१६ पासून त्या राज्यात रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जाऊन फेरपडताळणी करण्याचा आदेश दिला. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत दोन लाखांहून अधिक अर्ज तपासून झाले आणि त्यांतले पंधरा हजारांहून अधिक पात्र निघाले. पंधरा हजार अर्ज म्हणजे पंधरा हजार चुली. साहित्याच्या इतिहासात चुकीचे कर्तृत्व चिकटले तर एखादी तळटीप बदलावी लागते. येथे ताटातले धान्य जाते.

धर्माबाद परिसरातल्या गावांनी तेलंगणच्या कल्याणकारी योजना पाहून त्या राज्यात सामील होण्याची मागणी २०१८-१९ च्या सुमारास केली होती. त्या योजनांचे आकर्षण खोटे नव्हते. पण योजनेबरोबर पात्रतेचा निवाडा करणारे यंत्रही येते, हे त्या मागणीच्या वेळी कोणाच्या ध्यानात असेल?

येथे एक आक्षेप रास्त आहे. बनावट शिधापत्रिका खऱ्याच असतात, आणि हाती लेखणी असलेला कारकूनही काही कमी अन्याय करत नाही. हे मान्य. पण कारकुनाच्या निर्णयाखाली सही असते. त्याच्या मेजापुढे उभे राहून ‘का?’ असे विचारता येते, साहेबाकडे तक्रार नेता येते. यंत्राने काढलेला निष्कर्ष मात्र कर्ता नसलेल्या वाक्यासारखा असतो. ‘नाव वगळण्यात आले’, एवढेच कळते. कोणी वगळले, हे व्याकरणच लपवते.

हे लोण आपल्याकडे येणार नाही असे मानण्याचे कारण नाही. ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र आढळल्याचे महाराष्ट्र सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितले. त्यांचा लाभ जूनपासून स्थगित झाला, आणि जिल्हाधिकारी पडताळणी करून पात्र महिलांचा लाभ पुन्हा सुरू करतील असे जाहीर झाले. ही नोंदींची ताडणी होती. तिला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणावे असे मी म्हणत नाही. पण क्रम पाहा: आधी स्थगिती, मग तपासणी. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व नेमके उलटे सांगते.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एका कंपनीविरुद्धचा प्राप्तिकराचा आदेश रद्द केला. त्या आदेशात आधारासाठी दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. यंत्राने पुढे केलेले निष्कर्ष पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने अधिकाऱ्यांना बजावले. कंपनीपाशी वकील होते, म्हणून खोटे अवतरण पकडले गेले. शिधापत्रिका गमावलेल्या बाईपाशी कोण असते?

कायद्याचा आधार अजून तोकडा आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा आपला २०२३ चा कायदा, निर्णयासाठी वापरलेली माहिती अचूक ठेवण्याची जबाबदारी घालतो. पण केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयापासून संरक्षण मागण्याचा जो हक्क युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत आहे, तसा स्वतंत्र हक्क तो देत नाही. म्हणून मागणी साधी असावी. कोणाचाही लाभ तोडण्यापूर्वी त्याच्या भाषेत नोटीस, तीत कारण, आणि खाली जबाबदार माणसाची सही.

ही मागणी वकिलांवर सोडून चालणार नाही. पाठ तपासणे, कर्ता शोधणे, नावामागचा माणूस वेगळा करणे, हे काम आपण वर्गात शिकवतो. उद्या धर्माबादच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी ‘वगळण्यात आले’ असा कागद आला, तर त्याला तो वाचता यावा आणि त्या वाक्याचा कर्ता विचारता यावा. आपल्या शिकवण्याचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.