खुराक आणि काळा डबा



विषय घरगुती आहे, पण आपल्यापैकी ज्यांची मुलं हायस्कूलात आहेत त्यांनी जरूर वाचावं.

मागच्या महिन्यात धुतलेले कपडे ठेवायला मुलाच्या खोलीत गेलो. कपाटात बुटांच्या खोक्यामागे दोन मोठे काळे डबे. एक व्हे प्रोटीनचा, दुसरा 'प्री-वर्कआउट' नावाच्या लाल पावडरीचा. मुलगा पंधरा वर्षांचा, शाळेच्या रेसलिंग टीममध्ये. मी अर्थातच भडकलो. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, दर वर्षी इंडियाला दादासाठी हेच डबे तुम्ही नेता ना?"

माझी बोलतीच बंद झाली. खरंच आहे. कोल्हापूरच्या पुतण्याची यादी येते आणि मी निमूट दोन डबे बॅगेत कोंबतो. लेबल वाचायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. अमेरिकेत मिळतं म्हणजे सरकारने तपासलेलं असणार, हा आपला पक्का समज!

हा समज चुकीचा आहे. १९९४ साली इथे सप्लिमेंट्सचा कायदा झाला (त्याला 'डीशे' म्हणतात). त्यानुसार अशा वस्तूंना बाजारात येण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. औषध कंपनीला औषध सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं आधी सिद्ध करावं लागतं. इथे उलट आहे. माल आधी दुकानात येतो, आणि तो घातक असल्याचं नंतर एफडीएने दाखवायचं. एफेड्राचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००३ मध्ये बॉल्टिमोर ओरिओल्सचा तेवीस वर्षांचा पिचर स्टीव्ह बेक्लर सरावात उष्माघाताने गेला. तो एफेड्रा असलेली गोळी घेत होता, आणि त्या गोळीचा मृत्यूत वाटा होता असं तपासणीत निघालं. त्यानंतर, एप्रिल २००४ मध्ये, एफेड्रावर बंदी लागू झाली. तोवर ते राजरोस विकलं जात होतं.

आता आमच्या घरातल्या लाल पावडरीकडे येतो. एका स्कूपमध्ये ३०० मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे साधारण तीन कप कॉफी. खाली 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून आठ-दहा नावं आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन. कुठलं किती, हे सांगायचं बंधन नाही. तो डबा त्याच दिवशी कचऱ्यात गेला. त्यावर चर्चा नाही.

व्हेचं मात्र तसं नाही. चीज करताना दुधाचं जे पाणी निघतं, त्यातलं हे प्रोटीन. म्हणजे शेवटी दूधच! वाईट काही नाही, पण जादूही नाही. शिवाय कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२५ मध्ये तेवीस प्रोटीन पावडरी आणि शेक तपासले. त्यांचे तज्ज्ञ दिवसाकाठी जेवढं शिसं चालेल म्हणतात, त्याहून जास्त शिसं दोन तृतीयांशांहून अधिक नमुन्यांत एकेका सर्व्हिंगमध्ये सापडलं. वनस्पतीजन्य पावडरींत सर्वांत जास्त. "आम्ही व्हेजिटेरियन, म्हणून प्लांट प्रोटीन" म्हणणाऱ्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं.

माझं खरं म्हणणं पुढेच आहे. मुलगा डब्याकडे का गेला? कारण त्याला भूक होती, आणि आपल्या ताटात जे हवं ते नव्हतं. एका रविवारी आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशोब मांडला. १४ ते १८ वयाला रोज किलोमागे ०.८५ ग्रॅम प्रोटीन लागतं. साठ किलोच्या मुलाला ५१ ग्रॅम. जोरदार व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.४ धरा, म्हणजे ८४. आमचा पठ्ठ्या सकाळी सीरियल, दुपारी शाळेत फ्राइज, संध्याकाळी पोहे आणि रात्री वरण-भात खात होता. ओढूनताणून चाळीस झाले!

मग यादी केली. तीन ग्लास दूध २४, दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या उसळ किंवा घट्ट डाळ १५, मूठभर शेंगदाणे ७, चार पोळ्या १२. झाले ८८. डबा न उघडता. (अंड्यांना बायकोने नाक मुरडलं, पण तिने परवानगी दिली. नाक मुरडणं चालूच आहे.)

मिनरल्सचं काय, असं कुणी विचारेल. डाळी-धान्यांतल्या फायटेटमुळे लोह आणि झिंक अंगी कमी लागतं. मटकीला मोड आणले की फायटेट कमी होतं. वर लिंबू पिळलं की लोह जास्त शोषलं जातं. आपल्या आज्यांना फायटेट हा शब्द माहीत नव्हता, पण उसळ कशी करायची ते माहीत होतं. तरी दोन गोष्टी ताटातून भागतीलच असं नाही. बी-१२ वनस्पतींत नसतं, आणि न्यू जर्सीच्या हिवाळ्यात सावळ्या कातडीला पुरेसं डी मिळत नाही. आम्ही रक्त तपासलं तर डी बरंच कमी निघालं. आता डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चालू आहे. म्हणजे सप्लिमेंट मी घेतोय, नाकारत नाही. पण आधी तपासणी, मग गोळी. लोहाची गोळी तर तपासणीशिवाय अजिबात नको, जास्त झालं तर घात करतं.

क्रिएटिनचा विषय निघालाच. त्यावर भरपूर अभ्यास झालेला आहे आणि मोठ्यांना ते बऱ्यापैकी सुरक्षित दिसतं. पण वाढत्या मुलांना बालरोगतज्ज्ञ त्याची शिफारस करत नाहीत. "अठरा झाल्यावर बोलू," असं मी म्हटलं. उंची वाढवणाऱ्या पावडरींबद्दल तर एकच सांगतो. हाडांच्या वाढीच्या जागा एकदा बंद झाल्या की कुठलीही पावडर त्या उघडत नाही.

आमच्या कोल्हापुरात पैलवानाच्या आहाराला 'खुराक' म्हणतात. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. त्याबरोबर पहाटेचे जोर-बैठका, लाल माती आणि दुपारची झोप. खुराक म्हणजे हे सगळं मिळून. १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ मिळवणारे खाशाबा जाधव याच मातीतले. आपण मुलांना क्लास, एसएटी, रात्री बारापर्यंत होमवर्क देतो आणि सहा तास झोपवतो. मग अंग भरत नाही म्हणून ते डबा शोधतात. दोष एकट्या पोराचा नाही.

न्यूयॉर्कने एप्रिल २०२४ पासून वजन घटवणारी आणि स्नायू वाढवणारी सप्लिमेंट्स अठराच्या आतल्यांना विकायला बंदी केली आहे. साधी प्रोटीन पावडर त्यातून वगळली आहे, आणि ते योग्यच आहे. असा कायदा आमच्या न्यू जर्सीतही व्हावा असं मला वाटतं. आपल्यातले कितीतरी जण डॉक्टर, फार्मासिस्ट आहेत. आपल्या आमदारांना दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

तोवर घ्यायचंच असेल, तर एनएसएफ किंवा यूएसपीचा शिक्का असलेलं घ्या. आणि पुतण्याला मी कळवलंय, या डिसेंबरात डबा येणार नाही, बदाम आणतो. तो रुसलाय. रुसू दे.

काही चुकलं असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं, आणि आपापले अनुभवही लिहावेत.

आपला,
एक कोल्हापूरकर, मुक्काम न्यू जर्सी