टॉबीचे नाव ठाऊक, पणजीचे नाही

जुने दगडी घर, त्यातली शिसवी कपाटे, भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ आणि पायात घोटाळणारे कुत्रे-मांजर. असे वर्णन कुठे वाचले की आपल्या माणसांना वाटते, हे सारे साहेबलोकांच्या घरचे. आपल्याकडे कसला आलाय खजिना? ओल आलेली भिंत, गळके कौल आणि माळ्यावर एक गंजलेली पत्र्याची पेटी. वाचकहो, आज त्या पेटीबद्दलच लिहायचे आहे.

साहेबांची घरे पाहायला घोटीकरांना लांब जावे लागत नाही. शेजारच्या इगतपुरीत रेल्वेने इंग्रज काळात बांधलेली घरे आहेत. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. तेव्हा राज्य व्हिक्टोरिया राणीचे. साहेबांसाठी जाड भिंतींचे, रुंद व्हरांड्यांचे बंगले झाले. घाट बांधणाऱ्या इंजिनिअरांची नावे पुस्तकांत सापडतात. ज्या हजारो मजुरांनी डोंगर फोडला, ज्यांनी पुढे बंगल्यांत पाणी भरले, झाडलोट केली, साहेबाचे कुत्रे फिरवून आणले, त्यांची नावे कुठे आहेत? त्यांच्यापैकी कितीतरी आपल्याच मागच्या पिढ्यांचे असतील. पण सांगणार कोण? कागद नाही, फोटो नाही आणि सांगणारी माणसे तर केव्हाच गेली.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या घराघरांत आहे. बाबासाहेबांचा एक कौटुंबिक फोटो आपण सर्वांनी पाहिला असेल. फेब्रुवारी १९३४ मधला, दादरच्या राजगृहातला. त्यात डावीकडून यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, थोरल्या बंधूंच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंदराव आहेत. आणि आणखी एक जण आहे, ज्याच्याकडे आपले लक्ष पटकन जात नाही. तो म्हणजे घरातला लाडका कुत्रा. त्याचे नाव टॉबी.

हा फोटो पुन्हा एकदा नीट पाहा. राजगृहात येण्याआधी हे कुटुंब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत राहत होते. माणसे जास्त, जागा कमी आणि त्यात पुस्तकांचे ढीग. म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत घर बांधले ते माणसांइतकेच पुस्तकांसाठी. नाव ठेवले राजगृह, मगधाच्या प्राचीन राजधानीचे, जिथे भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती भरली. सोने-नाणे हा या घरातला खजिना नव्हताच, तिथले धन म्हणजे हजारो ग्रंथ. त्याच घरात एक कुत्राही नांदत होता. ज्या माणसाच्या डोक्यावर कोट्यवधी लोकांच्या मुक्तीचे ओझे होते, त्याच्या घरी एका मुक्या जीवालाही जागा होती, आणि कुटुंबाच्या फोटोतही होती.

या फोटोनंतर पंधरा महिन्यांनी, २७ मे १९३५ रोजी, रमाई राजगृहातच गेल्या. पाच लेकरांपैकी चार त्यांनी आधीच गमावली होती. नवे घर त्यांना फार काळ लाभले नाही. म्हणून या फोटोचे मोल अधिक. एका घराचा एक साधा दिवस त्यात थांबून राहिला आहे. आणि तो आपल्यापर्यंत पोचला, कारण कोणीतरी तो जपला, कोण कुठे उभे, कोण कुठे बसले, महिना कोणता, हे सांगून ठेवले. नव्वद वर्षांनंतरही टॉबीचे नाव आपल्याला ठाऊक आहे. आता स्वतःलाच एक प्रश्न विचारा. आपल्या आजीच्या आईचे नाव काय होते?

मी हा प्रश्न बैठकांतून बऱ्याच वेळा विचारतो. आजोबांचे नाव सगळे सांगतात, पणजोबांचे निम्मे सांगतात. पणजीचे नाव विचारले की शांतता पसरते. तिने शेण गोळा केले, मोळ्या विकल्या, भात लावणीला मजुरीवर गेली, पोरांना शाळेत घातले. तिचे नाव मात्र तिच्याबरोबर गेले.

घर नुसते जुने असून ते स्मारक होत नाही. लंडनला १०, किंग हेन्रीज रोड हे व्हिक्टोरिया काळातले घर आहे. त्या रस्त्यावर तशी घरे कितीतरी असतील. बाबासाहेब विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, ही आठवण लोकांनी धरून ठेवली, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला ते स्मारक म्हणून खुले झाले. पुढे तिथल्या नगर परिषदेने संग्रहालय म्हणून वापरायला हरकत घेतली, अपील करावे लागले, तेव्हा मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली. विटा त्याच होत्या. आठवण आणि कागद यांनी त्या घराला मोल दिले.

आपल्याकडची उदाहरणेही पाहा. बाबासाहेबांनी नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना लिहिलेली पत्रे पुढे पुस्तकात छापली गेली, ती जपून ठेवली गेली म्हणूनच. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू आहेत. पुण्यात सिंबायोसिसच्या संग्रहालयात त्यांचे व्हायोलिन आणि भारतरत्न सन्मान आहे. १९७९ पासून शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढले, त्यामागे वसंत मून यांच्यासारख्यांनी कागदन् कागद शोधून जमवण्याचे केलेले कष्ट आहेत. त्या पेट्या कोणी रद्दीत घातल्या असत्या तर आज आपण काय वाचले असते?

मोठ्यांच्या वस्तू संग्रहालयात गेल्या, छान झाले. पण चळवळ एकट्या मोठ्यांची नव्हती. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांतून माणसे चालत गेली, बायाही गेल्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेला गेली. १९५६ मध्ये भाकरी बांधून नागपूरला गेली. त्यांच्यापैकी कोणाच्या पेटीत एखादे पत्रक, वर्गणीची पावती, ‘जनता’चा किंवा ‘प्रबुद्ध भारत’चा पिवळा पडलेला अंक, मंडळाच्या मिरवणुकीचा फोटो अजून असेल. आणि त्याच वेळी गावात जुनी घरे पाडून स्लॅबची घरे होत आहेत. मुलांना पक्के घर मिळते याचा आनंदच आहे. पण घर पाडण्याच्या आदल्या दिवशी भंगारवाला येतो. पितळेचे तो वजन करतो, कागदाचेही वजन करतो, आणि घरातल्यांना वाटते, बरे झाले, अडगळ गेली.

मी कारकून माणूस, कागदाची किंमत मला रोज दिसते. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारतात. मग पोरगा कॉलेजचा प्रवेश सोडून आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा, म्हणजे कोतवाल बुकाचा उतारा शोधत हिंडतो. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायद्यानंतर मिळाल्या, त्यासाठी किती झगडावे लागले हे आपण जाणतो. हक्क कायद्याने मिळाला, पण खिडकीवर तो कागद दाखवूनच घ्यावा लागतो. आजोबांच्या रेल्वेतल्या नोकरीचा कागद, आजीचे जुने रेशनकार्ड, वतनी जमिनीची पावती हे सोन्याइतकेच सांभाळायचे ऐवज आहेत.

आता जपायचे कसे? आमच्या भागात पाऊस धो धो. चार महिने भिंती ओल्या. कागदाला शत्रू चार: ओल, वाळवी, कसर आणि उंदीर. उंदरांवर उपाय आपल्या घरात असतोच, तो म्हणजे मांजर. भाताच्या पोत्यांसाठी पाळलेले मांजर कागदांचीही राखण करते, फुकटात. फक्त पेटीचे झाकण उघडे ठेवू नका, नाहीतर मांजरीण नेमकी तिथेच पिले घालते आणि मग महिनाभर पेटीला हात लावायची सोय नाही.

बाकीच्या गोष्टी घरातल्या बायांना मी काय सांगाव्या? पण काही चुका सर्रास होतात, म्हणून लिहितो. पेटी जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला लावून ठेवू नये, खाली विटा द्याव्यात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. जुना कागद लॅमिनेशनला देऊ नये, एकदा केलेले पुन्हा सोडवता येत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंड सुती कापडात बांधून ठेवावे. डांबरगोळ्या घातल्या तर कागदाला लागू देऊ नयेत आणि लहान मुलांच्या हाताला तर मुळीच नाही. भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीमागे लाकडाचे छोटे तुकडे लावावेत, म्हणजे मागून हवा खेळते आणि भिंतीची ओल फोटोत शिरत नाही. पावसाळा सरला की कागद बाहेर काढून सावलीत वारा द्यावा, कडक उन्हात टाकू नयेत. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. प्रत्येक कागदाचा फोटो काढून दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून ठेवावा. पण मोबाईलमध्ये आहे म्हणून मूळ कागद फेकू नये. मोबाईल पाण्यात पडतो, चोरीला जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे काम सर्वांत स्वस्त आहे. त्याला एक मऊ शिसपेन्सिल पुरते. फोटोच्या मागे, कडेला, हलक्या हाताने लिहा: डावीकडून कोण कोण, कुठे, कोणत्या साली. बॉलपेनने लिहू नका, त्याचे वळ पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई उतरते. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर हे काम होईल. आत्याला विचारा, मावशीला विचारा. लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात उभी असलेली ती कोण? तिचे माहेरचे नाव काय? दारातला तो कुत्रा कोणाचा, त्याला काय म्हणून हाक मारत? कुत्र्याचे नाव आठवले की त्याच्यामागून घर आठवते, घराबरोबर माणसे आठवतात, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात घराघरांत ग्रंथवाचन होते. या वर्षी आश्विन पौर्णिमेला वाचन संपले, वंदना झाली की घरातली पेटी खाली काढा. सगळ्यांनी भोवती बसा, मुलांनाही बसवा. म्हातारीला बोलू द्या आणि ज्याचे अक्षर चांगले त्याच्या हातात पेन्सिल द्या. सुरुवात पणजीच्या नावापासून करा.

जयभीम!