शिवी देण्याआधी मूळ शोधा



पौर्णिमेला विहारात पंचशील घेताना पाचव्या शीलापाशी आलो की आपल्यातल्या कित्येकांची नजर मागच्या रांगेकडे वळते. तिथे बसलेल्या एखाद्याच्या तोंडाला वास येत असतो आणि त्याची आई किंवा बायको मान खाली घालून बसलेली असते. वंदना संपली की आपण त्याला चार शब्द सुनावतो. बाबासाहेबांनी धम्म दिला तो याच्यासाठी का, असे विचारतो. आम्हीही असे शब्द अनेकदा सुनावले आहेत. आज आम्ही लिहीत आहोत ते आमच्या त्या चुकीबद्दल.

आमच्या वस्तीत एक तरुण आहे. त्याच्या परवानगीने, पण नाव न देता हे सांगत आहोत. शाळेत असताना तो रुमालावर पातळ द्रव घेऊन हुंगायचा. पुढे देशी आली, मग गर्द. आईने चार घरची धुणीभांडी करून, कानातले मोडून त्याला दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. दोन्ही वेळा तो बरा होऊन आला आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत पुन्हा घसरला. वस्तीने त्याला गर्दुल्ला हे नाव देऊन टाकले.

एका रात्री विहाराच्या पायरीवर तो आमच्यापाशी बोलला. तो आठ वर्षांचा असताना आईची रात्रपाळी असली की त्याला नात्यातल्या एका माणसाकडे झोपायला पाठवत. त्या माणसाने त्याच्यावर दोन वर्षे अत्याचार केला. एकदा धीर करून त्याने घरातल्या मोठ्या बाईला सांगितले, तर मोठ्या माणसावर आळ घेतोस म्हणून थोबाडीत बसली. त्यानंतर त्याने तोंड उघडले नाही. "रात्र झाली की अंग कापायचं. पहिल्यांदा नशा केली त्या रात्री मला नीट झोप लागली," तो म्हणाला. आमच्याजवळ उत्तर नव्हते. इतकी वर्षे आम्ही त्याला पाचवे शील ऐकवत होतो. ज्याने त्याच्याबाबतीत पहिले आणि तिसरे शील मोडले, त्याला मात्र लग्नकार्यात मानाने पुढे बसवत होतो.

ही एकाच पोराची गोष्ट असती तर आम्ही सदरात लिहिली नसती. अमेरिकेत सॅन डिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण झाली का, कोणी लैंगिक अत्याचार केला का, सतत पाणउतारा व्हायचा का, आईला मार बसताना पाहिले का, घरात कोणी व्यसनी होते का, असे ते प्रश्न होते. १९९८ मध्ये पहिले निष्कर्ष छापून आले. ज्यांनी अशा चार किंवा अधिक प्रकारचे दुःख लहानपणी भोगले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नशा, निराशा आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट अधिक होता. २००३ मध्ये त्याच पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. पाच किंवा अधिक प्रकार भोगलेल्यांमध्ये अमली पदार्थांच्या व्यसनाचे प्रमाण ७ ते १० पट होते.

ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक गोरी, शिकलेली आणि आरोग्य विमा असलेल्या घरांतली होती. म्हणून हे आपल्याच वस्त्यांचे पाप आहे, असे कोणी म्हणू नये, आणि आपणही तसे समजून लाजू नये.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये अहवाल काढला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. दर तीन मुलांपैकी दोघांनी मार खाल्ला होता. लहानमोठे सर्व प्रकार धरता निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळ सोसला होता, आणि त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. छळणारे निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

असे का होते? भीती वाटली की छाती धडधडते, अंग ताठ होते, झोप उडते. भीतीचे कारण गेले की शरीर शांत होते. पण ज्याची भीती वाटते तो माणूस घरातच वावरत असेल, तर लेकराच्या शरीराला शांत होणे ठाऊकच राहत नाही. शिवाय लेकरू दोष स्वतःला देते. मीच वाईट, म्हणून माझ्याशी असे झाले, असे त्याला वाटते. मोठेपणी ते विसरायला, झोपायला त्याला दारू किंवा गर्द सापडते. नशा त्याला औषध वाटते, आणि पुढे तेच औषध त्याला खाऊ लागते. नुसती नशा सोडवली आणि आतली जखम तशीच राहिली, तर माणूस पुन्हा तिथेच जातो.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. अत्याचार सोसलेले प्रत्येक मूल व्यसनी होत नाही आणि प्रत्येक व्यसनी माणसाचे बालपण असे नसते. आपले ऐकून घेणारे एक जरी मोठे माणूस मुलाला लाभले, तरी त्याला मोठा आधार मिळतो. ते माणूस आपण होऊ शकतो.

भगवान बुद्धांनी दुःख आहे एवढेच सांगितले नाही. दुःखाला कारण आहे, ते दूर होऊ शकते आणि त्याला मार्ग आहे, हेही सांगितले. आपण मात्र व्यसनी माणसापुढे पहिल्याच सत्यापाशी थांबतो.

मग करायचे काय? मूल काही सांगू लागले तर हातातले काम ठेवून ऐका. त्याला खोटे पाडू नका, मारू नका. "तुझी चूक नाही," एवढे आधी म्हणा. एखादे मूल अचानक गप्प झाले, एखाद्या काका-मामाकडे जायला रडू लागले, अंथरूण ओले करू लागले, तर हट्ट म्हणून सोडून देऊ नका. मुलांसाठीचा १०९८ हा फोन रात्रंदिवस मोफत चालतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या कोणीही पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाचे नाव छापता येत नाही, आणि त्याचा जबाब घरीही घेता येतो.

व्यसनात सापडलेल्या माणसाला खोलीत कोंडू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊन जीवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीतच ती सोडवावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी फोन मोफत आहेत. केंद्रात भरती करताना समुपदेशन मिळते का, हे आवर्जून विचारा. त्याने बालपणाचे सांगितलेच पाहिजे असा आग्रह मात्र धरू नका. ते त्याला पेलेल तेव्हा तो सांगेल.

"याने समाजाची बदनामी होईल," असे काही ज्येष्ठ उपासक म्हणतील. बाबासाहेबांनी आपल्याला तोंड दाबून सोसायला शिकवले नाही. गावकुसाबाहेर आपल्यावर झालेला अन्याय आपण जगाला ओरडून सांगितला. मग आपल्याच घरात लेकरावर झालेला अन्याय का झाकायचा? महिला मंडळांनी आणि विहार समित्यांनी बालसंस्कार शिबिरात एक तास या विषयासाठी ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

तो तरुण सध्या सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांकडे जातो. अजून पूर्ण सुटला नाही. मधे एकदा घसरला, पण या खेपेला त्याची आई त्याला घेऊन दुसऱ्याच दिवशी रुग्णालयात गेली. मागच्या पौर्णिमेला तो विहारात आला, तेव्हा आम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तुमच्या विहारातही मागच्या रांगेत असा कोणी बसत असेल. त्याच्या शेजारी जाऊन बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!