छिन्नमनस्कता: औषध एक, मात्रा मात्र सर्वांना सारखी नाही

उतई (भिलाई, छत्तीसगड) : भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि देशभरातील कामगार या परिसरात आले. आज येथे छत्तीसगढी, मराठी, तेलुगू, बंगाली कुटुंबे शेजारी नांदतात. अशा मिश्र वस्तीत छिन्नमनस्कतेची, अर्थात स्किझोफ्रेनियाची औषधे सर्वांना एकाच मात्रेत द्यावीत का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पुरुषांत हा आजार बहुधा विशीच्या आसपास, तर स्त्रियांत सरासरी काही वर्षे उशिरा सुरू होतो. ओलान्झापिन, क्लोझापिन यांचे रक्तातील प्रमाण समान मात्रेतही स्त्रियांत सरासरीने अधिक असते. धूम्रपानाने ते घटते. रिस्पेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन वाढून मासिक पाळी थांबू शकते. तरीही २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘केटी’ चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण पुरुष होते.

वंशही दुर्लक्षून चालत नाही. आशियाई रुग्णांना क्लोझापिनची कमी मात्रा अनेकदा पुरते. दक्षिण आशियाई लोकांत तुलनेने कमी वजनातही मधुमेह उद्भवतो आणि ओलान्झापिन तो धोका वाढवते. मात्र वंश हा केवळ संकेत असून अंतिम निर्णय रुग्णाच्या तपासणीवरच व्हायला हवा.

छत्तीसगडचाही समावेश असलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, तीव्र मानसिक आजाराच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघे उपचारांविना होते. राज्याचे मानसिक रुग्णालय दूर बिलासपूरजवळ सेंदरी येथे आहे. पाळी थांबल्याच्या धास्तीने एखादीने गोळ्या सोडल्या, तर तिची पहिली विचारपूस गावच्या आरोग्य केंद्रातच व्हायला हवी. पाळी, धूम्रपान आणि रक्तशर्करा यांची नोंद हा त्या उपचाराचाच भाग आहे.