सिंगापूरला कधी जायचं?

दोस्तांनो, आम्हा वाकोलेकरांना विमानाचं फारसं अप्रूप नाही. विमानतळ इतका जवळ, की विमान गेलं की गच्चीवरच्या गप्पा क्षणभर थांबतात आणि मग पुढे सुरू होतात. पण परवा आमच्या इमारतीतली दोन भावंडं वर बघून एकदम ओरडली, "काका, यंदा आम्हीपण विमानात बसणार!"

त्यांची आत्या सिंगापूरला असते. आत्याच्या धाकट्या मुलाला आजीने अजून फक्त फोनवरच पाहिलंय. बाबांनी तीन वर्षं पैसे साठवले, तेव्हा कुठे हा बेत ठरला. परत इतक्यात जमायचं नाही. म्हणून प्रश्न असा, की जायचं कधी?

दादा म्हणाला, "त्यात काय? डिसेंबरात! आपल्याकडे पाहुणे तेव्हाच येतात. पाऊस नाही, घाम नाही."

"अरे, नकाशा तर आण!" मी म्हटलं.

नकाशात मुंबई सापडली १९ अंश उत्तरेला आणि सिंगापूर जेमतेम सव्वा अंशावर, म्हणजे विषुववृत्ताला अगदी खेटून. मुंबईत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांहून जास्त फरक असतो. सिंगापुरात तो फरक साधारण नऊ मिनिटांचा! सूर्य बारा महिने जवळजवळ सारखाच तापवतो. त्यामुळे तिथल्या सर्वांत गरम आणि सर्वांत थंड महिन्याच्या सरासरी तापमानात फक्त दोन अंशांच्या आसपास फरक पडतो. थोडक्यात काय, स्वेटर कपाटातच ठेवायचा!

मग पावसाचं काय? इथे खरी गंमत आहे. आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिंगापुरात वर्षाचा पाऊस साधारण २,१००. म्हणजे पाणी जवळपास तेवढंच! पण आपण ते चार महिन्यांत घेतो आणि ते बारा महिन्यांत वाटून घेतात. (आपलं तर कधी कधी एका दिवसात! २६ जुलै २००५ ला याच वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वाकोल्यातल्या मोठ्या माणसांना विचारा, ती रात्र कोणी विसरलेलं नाही.)

आणि सिंगापुरात सर्वांत जास्त पाऊस कधी? दादाच्या लाडक्या डिसेंबरात! तेव्हा तिकडे ईशान्येकडून मोसमी वारे येतात, समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन. फेब्रुवारीत पाऊस बराच कमी होतो.

"मग फेब्रुवारी!" ताई म्हणाली.

"आणि परीक्षेचा अभ्यास?" आईने आतून विचारलं.

"बरं, मे महिना!"

"मेमध्ये आत्याची मुलं शाळेत असतात," बाबा म्हणाले. "दुपारपर्यंत घरी कोण? आपणच."

इतका वेळ गप्प बसलेली आजी मग बोलली. "मी काय ऊन-पाऊस बघायला चालले आहे का रे? पोरं घरी असतील तेव्हा न्या मला."

झालं! प्रश्नच बदलला. आम्ही नकाशा मिटला आणि दोन्ही घरांच्या शाळांच्या सुट्ट्या मांडल्या. आत्याची मुलं तिथल्या सरकारी शाळेत आहेत. त्यांना मोठी सुट्टी दोनदा मिळते, जूनमध्ये आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत. आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर. म्हणजे जूनचे पहिले दहा-बारा दिवस दोन्हीकडे सुट्टी! तेव्हा तिकडे उकाडा असतो, पण पाऊस डिसेंबरच्या मानाने पुष्कळ कमी. एक सावधगिरी मात्र हवी. शेजारच्या सुमात्रा बेटावर जंगलं आणि शेतं पेटली की धूर सिंगापूरवर येतो. जून २०१३ मध्ये तो फारच दाट झाला होता. म्हणून निघण्याआधी आत्याला हवेची खबर विचारायची.

दिनक्रमही ठरला. सकाळी बाग, दुपारी उन्हात किंवा गडगडाटी सरीत आजीला घेऊन फिरायचं नाही, पत्ते खेळायचे, आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर. छत्री रोज पिशवीत. परत येतील तेव्हा बहुधा वाकोल्यातही पहिला पाऊस सुरू झालेला असेल. तीच छत्री कामाला येईल!

आता तुमचा उद्योग. तुम्हाला जिथे जायचंय ते गाव नकाशात शोधा. वहीत बारा महिन्यांचा तक्ता करा. एका रकान्यात तिथलं ऊन-पाऊस लिहा आणि दुसऱ्यात तिथलं माणूस कधी मोकळं असतं ते. दोन्ही रकाने जुळतील तो महिना उत्तम. आणि जुळलेच नाहीत, तर आमच्या आजीचं ऐका.

तुमचा,
काका