आकाशांतला टेहळ्या

आमच्या घरीं गेला पंधरवडाभर माजघरांतील एक कोपरा शत्रूनें व्यापला आहे. लांकडी पेटीवर पुठ्ठ्याचे तुकडे, डिंकाची बाटली, दोऱ्याचें रीळ आणि बांबूच्या काड्या यांचा पसारा पडलेला असून, तो कोणीं व केव्हां उचलावा याविषयीं नातवाचा आणि त्याच्या आजीचा तह अद्यापि झालेला नाहीं. एका चित्रावरून दुपंखी विमानाची प्रतिकृति बांधण्याचें चिरंजीवांनीं मनावर घेतलें आहे. परवां संध्याकाळीं तें अर्धवट वाळलेलें विमान घेऊन तो माझ्या खुर्चीपाशीं आला आणि म्हणाला, “आजोबा, ह्यांत दोन माणसें बसतात. मागचा विमान चालवतो आणि पुढचा नुसता पाहतो. पण पुढच्याच्या खालीं तर पंख आहे! ज्यानें पाहायचें त्यालाच दिसणार नाहीं, असा कसा बसवला त्याला?”

प्रश्न बारा वर्षांच्या मुलाचा खरा. पण त्याचें उत्तर शोधतां शोधतां मी बराच दूरवर जाऊन पोहोंचलों. तो प्रवास वाचकांस सांगावा असें वाटतें.

तें विमान जर्मनीच्या आल्बाट्रॉस कारखान्याचें, ‘बी-२’ नांवाचें. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें त्या सुमारास तें सैन्यांत आलें. त्याची आखणी एर्न्स्ट हाइंकेल या तरुण जर्मन कारागिरानें केली. सांगाडा लांकडी, अंगावर पातळ लांकडी पत्र्यांचें आवरण, पंखांवर ताणून बसविलेलें व रोगण दिलेलें कापड, आणि तोंडाशीं शंभर अश्वशक्तीचें मर्सिडीझ इंजिन. पंखांचा पल्ला सुमारें ४२ फूट. वेग तासास १०५ किलोमीटरांच्या आसपास. म्हणजे चंद्रपुराहून मूल-सावलीवरून गडचिरोलीस जाणारी सुमारें ८० किलोमीटरांची वाट त्यानें पाऊण तासांत ओलांडली असती. आज आपल्या रस्त्यांवरील मोटारीही त्या वेगानें धांवतात.

दोन पंख कशाला, असें कोणी विचारील. इंजिनाची ताकद थोडी. तेव्हां वर उचलणारा पृष्ठभाग मोठा हवा. एकच लांबलचक पंख केला तर तो मोडावयाचा. म्हणून एकावर एक दोन पंख ठेवून, मध्यें खांब व तारा देऊन, पुलाच्या कैचीसारखी ती जोडणी घट्ट करीत. आणि पाहणारा पुढें कां? विमानाचा तोल जेथें सांवरला जातो त्या जागेजवळ त्याचें आसन असे. तो कधीं सोबत नसला तरी तोल बिघडूं नये, हा त्यांतील हेतु. चालकाच्या सोयीसाठीं पाहणाऱ्याची गैरसोय झाली. तो बिचारा कडेस वाकून, वाऱ्याचा मारा सोशीत, पंखाच्या आडून दिसेल तेवढी भूमि पाही व मांडीवरील नकाशांत खुणा करी. या वर्गांतील विमानांत शस्त्र बसविलेलें नव्हतें. त्याचें काम एकच : जावें, पाहावें, परत यावें आणि सांगावें.

येथें एका शब्दाकडे लक्ष वेधल्यावांचून मजसारख्या जुन्या संस्कृत शिक्षकास राहवत नाहीं. ‘विमान’ हा शब्द ‘वि’ हा उपसर्ग आणि ‘मा’ म्हणजे मोजणें या धातूपासून झाला आहे. मोजीत जाणारें, आक्रमण करीत जाणारें, असा त्याचा मूळ भाव. नदीचें वळण, खंदकाची लांबी, तंबूंची संख्या मोजणारें तें टेहळणीचें यंत्र या शब्दाच्या अर्थाशीं जितकें प्रामाणिक होतें, तितकें आजचें प्रवासी विमानही नाहीं. मात्र शब्द आपला म्हणून यंत्रही आपलेंच होतें, असें म्हणण्याचा मोह आवरावा. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला आपल्या घरांतून अभिमानानें दिला जातो, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील विद्वानांनीं १९७४ सालीं केला. ग्रंथ विसाव्या शतकांतील असून त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकत नाहींत, असा निर्वाळा त्यांनीं दिला. आपल्या पूर्वजांची थोरवी व्याकरणांत, गणितांत आणि दर्शनांत इतकी उघड आहे कीं तिला उसन्या पंखांची गरज नाहीं.

टेहळणीचें महत्त्व मात्र त्यांनीं पुरतें ओळखलें होतें. राजा हेरांच्या डोळ्यांनीं पाहतो, म्हणून त्याला ‘चारचक्षु’ म्हणत. आपल्या चांद्याच्या मुलखांत राहणारास याचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाहीं. गोंड राजांच्या परकोटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्यास इरई आणि झरपट यांच्या काठची मोकळी जमीन दिसत असेल. पण पलीकडे रान लागलें कीं दृष्टि तेथेंच थांबली. वैनगंगेपलीकडच्या अरण्यांत शिरलेला माणूस वीस पावलांवर दिसेनासा होतो. सागाची पानें झडलीं कीं फाल्गुन-चैत्रांत जमीन थोडी उघडी पडते; श्रावणांत तीच जागा हिरव्या छताखालीं बंद होते. १८५८ सालीं बाबूराव शेडमाके यांनीं इंग्रज सत्तेविरुद्ध शस्त्र उचललें, तेव्हां हेंच रान त्यांचा किल्ला झालें होतें. वरून पाहणारा डोळा त्या काळीं कोणाजवळच नव्हता. पण आकाशास जें साधलें नसतें तें माणसानें साधलें. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांकरवीं ते पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्यास फांसावर चढले.

साठ वर्षांच्या आंत तो वरचा डोळा अवतरला. ऑगस्ट १९१४ च्या अखेरीस टॅनेनबर्गच्या रणांत रशियन सैन्य कोणत्या वाटेनें येत आहे हें जर्मन वैमानिकांनीं पाहून सांगितलें. पुढच्याच महिन्यांत पॅरिसच्या ईशान्येस जर्मन सैन्य वळत असल्याचें फ्रेंच व इंग्रज वैमानिकांनीं पाहिलें, आणि मार्न नदीवर जर्मनांची घोडदौड अडली. निःशस्त्र, लांकडी, कापडी पाखरांनीं लाखोंच्या सेनांचें भवितव्य फिरविण्यास हातभार लावला. लगोलग दुसरी गोष्टही घडली. १९१५ सालीं जर्मनांनीं ‘सी’ वर्गाचीं विमानें काढलीं. त्यांत चालक पुढें आला, पाहणारा मागें गेला, आणि त्याच्या हातीं मशीनगन देण्यांत आली. आमच्या नातवाचा आक्षेप जर्मनांसही पटला होता म्हणावयाचा! पाहणाऱ्यास नीट दिसूं लागलें, आणि त्याच क्षणीं तो मारणाराही झाला.

परंतु या गोष्टीचा जो भाग मला विसरतां येत नाहीं, तो जर्मनींत किंवा फ्रान्सांत घडला नाहीं. तो टायग्रिस नदीच्या कांठीं, आपल्या माणसांच्या समोर घडला. जनरल टाउन्शेंडच्या हाताखालीं बगदादकडे निघालेल्या फौजेंत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. २१ नोव्हेंबर १९१५ रोजीं, म्हणजे टेसिफोनच्या लढाईच्या आदल्या दिवशीं, मेजर रायली नांवाचा वैमानिक टेहळणीस एकटा गेला. तुर्कांच्या बाजूस मोठा फेरफार झाला असून कुमक येऊन पोहोंचली आहे, हें त्यानें पाहिलें. अधिक खात्री करावी म्हणून तो पुढें गेला, तोंच खालून झालेल्या गोळीबारानें त्याचें इंजिन निकामी झालें. तो उतरला, पकडला गेला, आणि त्यानें रेखाटलेला नदीचा नकाशा तुर्कांच्या हातीं आयता पडला.

पाहणाऱ्यानें पाहिलें होतें. सांगणें मात्र राहून गेलें. दुसऱ्या दिवशीं फौज पुढें सरकली आणि साडेचार हजारांहून अधिक माणसें त्या लढाईंत मेलीं वा जखमी झालीं. रायली परतला असता तर सर्व टळलें असतें, असें म्हणणें सोपें आहे. पण तें पुरतें खरें नाहीं. तुर्की कुमक येत असल्याच्या वार्ता दुसऱ्या वाटांनींही वरिष्ठांच्या कानीं आल्या होत्या. त्यांनीं त्या खऱ्या मानल्या नाहींत. बगदाद घ्यावयाचें हें मनांत ठरून गेलेलें असतां, नको असलेली बातमी कोणास ऐकूं येते?

माघार घेऊन ती फौज कूट-अल-अमारा या गांवीं आली, आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तिला वेढा पडला. हिंदी शिपायांपैकीं पुष्कळांनीं धर्मास्तव घोड्याचें मांस खाण्याचें दीर्घकाळ नाकारलें. उपासानें आणि स्कर्व्हीनें अंगें खंगलीं. तुर्कांच्या मदतीस आलेल्या जर्मन वैमानिकांनीं वरून बॉम्ब टाकले. इंग्रज विमानांनीं वरून अन्न टाकलें. जवाचें पीठ करण्यासाठीं जात्याची तळी विमानांतून छत्रीनें खालीं सोडण्यांत आली होती, हें आमच्या घरांतील स्त्रियांस सांगितलें तेव्हां कोणी हंसलें नाहीं. एप्रिल १९१६ च्या शेवटल्या पंधरवड्यांत सुमारें १४० फेऱ्या करून साडेसात हजार किलोंच्या आसपास अन्न टाकलें गेलें; त्यांतील कांहीं नदींत, कांहीं शत्रूकडे पडलें. सैनिक व त्यांचे अनुचर मिळून सुमारें तेरा हजार. हिशेब केला तर माणशीं अर्ध्या किलोहून थोडें अधिक, आणि तेंही दोन आठवड्यांचें. २९ एप्रिल रोजीं शरणागति झाली. त्या कैद्यांपैकीं हजारों जण वाळवंटांतील वाटचालींत आणि छावण्यांत मेले. पुढें ११७ व्या पलटणीस ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवचे ४६ जवान त्या महायुद्धांत निरनिराळ्या आघाड्यांवर कामास आले. त्यांचें स्मारक तेथें आहे. पदवी आणि शिला या दोन्ही गोष्टी आदरास पात्र आहेत. पण ज्या घरांत त्या वर्षीं मनिऑर्डर येणें थांबलें, त्यांना त्यांचा काय उपयोग झाला असेल, हें ज्यानें त्यानें मनांत विचारावें.

वर उडणारांतही आपला एक मराठी मुलगा होता. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे केंब्रिजला शिकले, ब्रिटिश हवाई दलांत अधिकारी झाले आणि फ्रान्सच्या आघाडीवर लढाऊ विमान चालवूं लागले. जून १९१८ च्या अखेरीस ते एका फेरीवरून परत आले नाहींत. जखमी स्थितींत ते जर्मनांच्या हातीं सांपडले होते. ३० जून रोजीं त्यांचा अंत झाला.

आज आपल्या जिल्ह्यांवर डोळ्यांची कमतरता नाहीं. उपग्रह रानाचें क्षेत्र मोजतात. २०२१ सालीं छत्तीसगडाकडून गडचिरोलींत रानहत्ती शिरले, तेव्हांपासून त्यांचा माग काढण्यास ड्रोनही उपयोगी पडूं लागले. त्या जर्मन टेहळ्यास वाकून जें अर्धें दिसे, तें आज तळहातावरील पडद्यावर पुरतें दिसतें. पण मोह वेंचावयास पहांटे निघालेली बाई वाघाच्या वाटेवर जाणार असली, तर वरच्या डोळ्यास दिसलेलें तिच्या कानापर्यंत वेळेवर पोहोंचलें पाहिजे; आणि तिला रानाविषयीं जें ठाऊक आहे तें वरच्या माणसानेंही ऐकलें पाहिजे. टेसिफोनपासून आजपर्यंत जी तूट आहे ती दृष्टीची नाहीं, श्रवणाची आहे.

हें लिहितांना मी दुसऱ्यांनाच दोष देत बसलों तर तें अप्रामाणिकपणाचें होईल. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बंधूंस ताप येऊं लागला. धाकटी सूनबाई हळूच म्हणाली, “मामंजी, एक दिवसाआड थंडी भरून येते आहे, रक्त तपासून घेऊं या.” मी म्हणालों, “उन्हाचा ताप आहे, उतरेल.” आमच्या घरांत माझ्या बोलण्यापुढें कोणी बोलत नाहीं, आणि याचा मला तोंवर अभिमान होता. हिवताप निघाला. बंधु दैवकृपेनें बरे झाले. परंतु मधले आठ दिवस जे हातचे गेले, ते माझ्या शब्दामुळें गेले. एकत्र कुटुंबांत डोळे पुष्कळ असतात, हें त्याचें मोठें बळ. पण ज्याच्या हातीं सुकाणूं असतें, त्यानें आपल्या सोयीसाठीं इतरांस पंखाआड बसवूं नये.

नातवास मी एवढें सगळें सांगितलें नाहीं. “तो वाकून पाहत असे, आणि पुढें त्याची जागा बदलली,” इतकेंच बोललों. तेवढ्यानें त्याचें समाधान झालें. त्यास दुसरीच चिंता होती. विमानाचें एक चाक सांपडत नव्हतें. आम्ही आजा-नातू दोघे मिळून चष्मा लावून अर्धा तास शोधीत होतों. अखेर स्वयंपाकघरांतून सूनबाईचा आवाज आला, “तिसऱ्यांदां सांगतें, तें पेटीच्या मागें पडलें आहे.”

तें तेथेंच होतें.